रीफवरच्या लाटेसाठी एप्रिलमध्ये जायचंय: लिटल अंदमान की मालदीव? (नाशिकहून)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी नाशिकची, वय ३१, नोकरी सातपूरला. पोहायला वडिलांनी शिकवलं. आता आठवड्यातून चार दिवस सावरकर तलावावर जाते, दीड किलोमीटर न थांबता होतं. सर्फिंगचं वेड तीन वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या मुळकीला लागलं, मग दोनदा तमिळनाडूतल्या कोवलमला जाऊन आले. सगळे मिळून २३ दिवस पाण्यात. वाळूवर फुटणारी छातीएवढी लाट घेता येते, उजवीकडे नीट जाते, डावीकडे अजून चुकते. बोर्ड साडेसात फुटी, भाड्याचा.

एप्रिलमध्ये १२ दिवसांची रजा मंजूर झालीय. धाकटा भाऊ सोबत येतोय, पण तो फक्त पोहतो. डोक्यात दोनच जागा आहेत: लिटल अंदमानचा कुमारी पॉइंट आणि मालदीवच्या दक्षिणेचं हुवाधू अटॉल (कड्यासारखी गोल प्रवाळबेटं). दोन्हीकडे रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या तळावर फुटणारी लाट आणि माणसं कमी. रात्री झोपताना त्या लाटांचे फोटो बघत बसते, इतकी ओढ लागलीय. एका एजंटने फोनवर सांगितलं, "पोहता येतं ना, मग झालं." ते ऐकून धीर येण्याऐवजी काळजीच वाढली. आईने एकच विचारलं, "तिथे लागलं तर दवाखाना किती लांब?" मला उत्तर देता आलं नाही.

जे खरोखर रीफवर जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा. कुठे जाऊ? आणि चार महिन्यांत इथे नाशकात काय तयारी करू?

सह्यभटक्या

लिटल अंदमान! विचारच करू नका. मी सर्फर नाही, पण तिथल्या हट बे या बंदराच्या गावी चार दिवस राहून आलोय. आपल्याच देशात, पासपोर्टची कटकट नाही. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) सरकारी जहाज जातं, जवळजवळ अख्खा दिवस त्यात जातो. तिकीट आधी काढून ठेवा आणि परतीला दोन दिवस हातात राखा, हवा बिघडली की जहाज सुटत नाही. बटलर बेचा किनारा इतका सुंदर आहे की मला आजही आठवतो. तिथे दोन-तीन मुलं बोर्ड घेऊन पाण्यात होती. आयुष्यात एकदा तरी जावं अशी जागा.

खारावारा

ताई, आईंचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी नाशिकरोडचा, ११ वर्षं सर्फ करतोय, मालदीवला पाच वेळा गेलोय, त्यात एकदा हुवाधूला.

या एप्रिलला दोन्हींपैकी कुठेही जाऊ नका. तुमचं पोहणं उत्तम आहे, अडचण ती नाही. तुमचे २३ दिवस वाळूवर गेलेत, आणि वाळू चुका पोटात घालते. तळ सरकत राहतो, लाट आज इथे तर उद्या तिथे, पडलात तर फार तर गुडघा खरचटतो. रीफ हलत नाही. म्हणूनच लाट दर वेळी त्याच जागी, त्याच आकारात उभी राहते आणि माणसं समुद्र ओलांडून तिच्यासाठी जातात. पण ती उभी राहते फार झटकन. तमिळनाडूला तळ हळूहळू वर येतो, लाटेचा जोर वाटेत घासला जातो. मालदीवच्या अटॉलबाहेर समुद्र एकदम शेकडो मीटर खोल आहे. लाट त्या खोलीतून येते आणि थेट प्रवाळाच्या भिंतीवर आदळते.

हवामानाच्या ॲपवर तुम्ही बहुधा फक्त फूट बघत असाल. त्याशेजारचे सेकंद, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते ते बघायला लागा. खोल पाण्यात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी असते १०० मीटर, १५ सेकंदांच्या लाटेची ३५०. लाट लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलवते. म्हणजे '३ फूट, ८ सेकंद' आणि '३ फूट, १५ सेकंद' या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. दुसरी रीफवर येईतो डोक्याच्या वर गेलेली असते. कोवलमला तुम्ही घेतलेल्या लाटा बहुतेक पहिल्या जातीच्या असणार.

मालदीवची मोठी लाट निघते दक्षिण महासागरातल्या वादळांतून, ४० अक्षांशाच्याही खालून. १४ सेकंदांचा स्वेल (दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांची रांग) दिवसाला साधारण ९०० किलोमीटर कापतो, तिथून विषुववृत्तापर्यंत यायला त्याला पाच-सहा दिवस लागतात. तो निघाला की आठवडाभर आधी कळतं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. आपण ज्या पाण्यावर उभे राहतो तो धक्का गेल्या आठवड्यात अंटार्क्टिकाच्या बाजूला बसलेला असतो!

आता माझं सांगतो. पहिल्या फेरीत मालेजवळच्या थुलुसधू बेटासमोर चिकन्स नावाची डावी लाट (जिच्यावरून डावीकडे जायचं) आहे, तिच्यावर पडलो. पाणी कमरेइतकंच होतं आणि मी सवयीने पाय खाली टेकवले. पायाला काप गेला, तोल गेला, मागची लाट पाठीवरून घासत घेऊन गेली. कोवलमला हजार वेळा पाय टेकवले होते, शरीराने तेच केलं. ही सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. रीफवर पडायचं ते आडवं, पसरून, अंग सैल सोडून. डोकं दोन्ही हातांत. सूर कधीच मारायचा नाही आणि वर येताना हात आधी वर. हे वाचून येत नाही, उथळ नसलेल्या सौम्य रीफवर घोटवावं लागतं.

म्हणून माझा क्रम असा. या एप्रिलला श्रीलंका. वेलिगामाला वाळूवर चार दिवस हात साफ करा, मग तिथून जवळच मिडिगामाला 'लेझी लेफ्ट' नावाची डावी लाट आहे. तळ दगड-प्रवाळाचा, पण लाट संथ, विचार करायला वेळ देते. तुमची डावी बाजू कच्ची आहे ना, तिथेच ती पक्की होईल. दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीलाच जा. १३-१४ एप्रिलला त्यांचं नववर्ष असतं, दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या. त्याच्या आत परत या. पुढच्या वर्षी मालेजवळचं अटॉल. आणि मग हुवाधू. ते कुठे पळून जात नाही.

सागरसाद

खारावारा यांच्या क्रमाशी सहमत, एक पायरी सोडून. मी २०२३ च्या एप्रिलमध्ये थेट मालेजवळच्या हिम्माफुशी बेटावर गेले होते, तेव्हा माझेही जेमतेम ३० दिवस झाले होते. मोसमाची सुरुवात, लाट लहान, सोबत गाइड. तिथली जेलब्रेक्स ही उजवी लाट आहे, म्हणजे गोदाकाठची यांच्या चांगल्या बाजूची. (बेटावर तुरुंग होता म्हणून हे नाव. थुलुसधूच्या कोक्स या लाटेचंही तसंच, तिथे कोका-कोलाचा कारखाना आहे.) माले तिथून स्पीडबोटीने अगदी जवळ, म्हणजे आईंच्या प्रश्नालाही उत्तर आहे. भारतीयांना फिरायला जाण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही.

लोकांच्या बेटावर राहणार असाल तर ठरलेला किनारा सोडून बाकी सगळीकडे अंगभर कपडे, दारू नाही, शुक्रवारी दुपारपर्यंत बरंच बंद. मला त्या बेटांवर फार आपुलकी मिळाली.

खारावारा

सागरसाद, तुमच्याकडे गाइड होता आणि लाट लहान मिळाली. रजा चार महिने आधी ठरते, लाट ठरत नाही. एप्रिलमध्ये मोठा स्वेल आलाच तर त्यांना आठ दिवस किनाऱ्यावर बसून बघावं लागेल, किंवा बसवणार नाही म्हणून आत जातील. दुसऱ्याचीच मला भीती वाटते.

सह्यभटक्या, बटलर बेबद्दल तुमचं अगदी खरं, पण तो वाळूचा किनारा. कुमारी पॉइंटला बोटीने जावं लागतं, आणि मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणजे तेच दिवसभराचं जहाज. शिवाय अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडीच्या तोंडाशी स्थानिकांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. आणि बेटाचा बराच भाग ओंगे जमातीचं राखीव क्षेत्र आहे. तिथे पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. लाट कितीही सुंदर असो, ते त्यांचं घर आहे.

मलमपट्टी

मी डॉक्टर आहे, गंगापूर रोडला दवाखाना. सर्फिंग करत नाही, डायव्हिंग करते. एकच कळकळीची विनंती आधी: तलावात श्वास रोखण्याचा सराव एकट्याने कधीही करू नका, आणि आधी भराभर खोल श्वास घेऊन तर मुळीच नाही. त्याने कार्बन डायऑक्साइड खाली जातो, श्वास घ्यायची इच्छाच उशिरा होते आणि माणूस पाण्याखाली आवाज न करता बेशुद्ध पडतो. चांगल्या पोहणाऱ्यांनाच हे होतं. श्वासाचा सराव घरी, गादीवर बसून करा. तलावात करायचाच तर भावाला काठावर उभं करा आणि त्याने फक्त तुमच्याकडे बघायचं.

प्रवाळाचा काप दिसतो लहान, पण आत प्रवाळाचे बारीक कण राहतात आणि उष्ण दमट हवेत जखम लवकर चिघळते. लगेच स्वच्छ पाणी आणि साबण, मऊ ब्रशने कण निघेपर्यंत घासायचं. दुखेल, तरी घासायचं. मग अँटिसेप्टिक आणि कोरडी पट्टी. तिथली माणसं प्रेमाने लिंबू चोळतील, ते नको. लाली पसरली, ताप आला किंवा काखेत-जांघेत गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधी घेऊन ठेवा. प्रवासविम्यात सर्फिंग धरलंय का आणि बोटीने किंवा हवाईमार्गे हलवायचा खर्च धरलाय का, हे लेखी विचारा.

मालदीव २०१५ पासून आणि श्रीलंका २०१६ पासून हिवतापमुक्त आहेत. उद्या कुणी इंडोनेशियातल्या मेंतावाई बेटांचं नाव काढलं तर तिथलं गणित वेगळं, आधी येऊन भेटा.

सनस्क्रीन झिंकचं घ्या. १९९८ आणि २०१६ च्या उष्णतेत मालदीवचं प्रवाळ पांढरं पडलं होतं, ते हळूहळू सावरतंय. मी ते पाण्याखालून पाहिलंय, म्हणून सांगते.

जुना पंचवटीकर

मुली, मी ६८ वर्षांचा आहे. गांधी तलावात पोहायला शिकलो, तरुणपणी पुराच्या पाण्यातही उतरलोय. तेव्हा जी जाणती मंडळी होती ती नदीत उतरण्याआधी अर्धा तास काठावर नुसती बसायची. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घ्यायची: कमरेला पाणी आहे की छातीला, ओंडका कुठून येतो, कुठे गिरकी घेतो, कुठे काठाला लागतो. धारेच्या विरुद्ध कुणी जात नसे. तिरकं कापत जायचं आणि खाली कुठे लागायचं ते उडी मारण्याआधी ठरवायचं. ज्यांनी ते ठरवलं नाही त्यांतले काही परत आले नाहीत, मी त्यांना ओळखत होतो.

तिथे तुझा दुतोंड्या कोणता, ते आधी शोध.

आणि समुद्र नाही म्हणून नाशिककराने मागे राहायचं कारण नाही. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातला, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये नाव चालवून आला.

खारावारा

काका, हे मी छापून बोर्डाला चिकटवणार आहे. रीफवर अगदी हेच. लाटेने आत ढकललेलं पाणी कुठून तरी बाहेर जातंच, ती वाट म्हणजे चॅनल. तिथे लाट फुटत नाही, पाणी जरा गडद दिसतं. आत जायचं तिथूनच आणि अडकलात तर हातपाय न मारता तिरकं तिकडेच सरकायचं. पहिल्या दिवशी तासभर काठावरून बघा. सेटमध्ये (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटात) किती लाटा, दोन सेटमध्ये किती मिनिटं, जाणती माणसं कुठून आत जातात. एखादा दगड ओहोटीला उघडा पडत असेल तर तोच तुमचा दुतोंड्या: तो दिसायला लागला की बाहेर. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची ओहोटी जास्त खाली जाते, त्या दिवशी आणखी लवकर.

नाशकातली तयारी: दीड किलोमीटर संथ पोहण्यापेक्षा ५० मीटर जोरात, २० सेकंद दम, असं १५-२० वेळा. पालथं झोपून मान-छाती उचलून धरायचा सराव रोज, बोर्डावर पालथं पडून हाताने पाणी मारताना पाठ आणि खांदे आधी संपतात. आणि उभं राहण्याची उडी दिवसाला ५०, निम्म्या डावीकडे बघत.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री सगळं वाचून काढलं आणि खरं सांगते, आधी रडू आलं. तीन वर्षं हुवाधूचं स्वप्न बघत होते. सकाळी तलावावर गेले, खारावारा यांनी सांगितलेले ५० मीटरचे फेरे सुरू केले आणि नवव्यालाच थांबले. पाय टेकवायच्या सवयीबद्दल तर मी कधी विचारही केला नव्हता. तलावात बघितलं, दर फेरीनंतर नकळत टेकवतेच.

श्रीलंका ठरली. १ ते ११ एप्रिल, वेलिगामा आणि मिडिगामा. भाऊ पहिले चार दिवस माझ्यासोबत शिकणार. काका, तुम्ही सांगितलेलं वडिलांना वाचून दाखवलं. तेही गांधी तलावातच शिकलेत. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते बरोबर सांगतायत."

आईलाही उत्तर दिलं. वेलिगामाहून माताराचं रुग्णालय १५ किलोमीटर, गॉलचं करापिटियाचं मोठं रुग्णालय तीसेक. आई म्हणाली, "म्हणजे इथून सिन्नर. मग जा."

एक राहिलं: रीफवर पायात बूट घालावेत का?

खारावारा

लेझी लेफ्टला घाला, पातळ तळव्याचे. बोर्डाची जाणीव थोडी कमी होते, पण दगडावरून आत-बाहेर जाताना पाय वाचतात. हेल्मेट माझ्याकडे जादा आहे, घेऊन जा. रविवारी सकाळी सहाला तलावावर येतो, तुमचे फेरेही मोजतो.