मदत हवी आहे: शाडूवर भीमबेटकासारखी चित्रं करतेय, काव हाताला लागते

मंडळी, मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांमधली प्राचीन चित्रं बघून आल्यापासून तसलं काहीतरी मातीवर करायचं डोक्यात बसलंय, ती लाल हरणं आणि ओळीत नाचणारी माणसं, पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर सरांनी १९५७ मध्ये शोधलेली. काय जिवंत रेषा आहेत हो त्या!

प्लायवूडवर शाडूचा थर दिलाय, त्यात अजिंठ्याच्या गिलाव्यासारखं भाताचं तूस आणि काथ्याचे बारीक तुकडे मळले, त्यामुळे भेगा बऱ्याच कमी झाल्या, फक्त कडेला केसाएवढ्या पडतात, ते चालेल. रंग म्हणजे काव (लाल माती), चुना, कोळसा. पिवडी (पिवळी माती) लोखंडी तव्यावर भाजली की त्यातलं पाणी उडून ती हळूहळू तांबूस होत जाते, ते बघत बसावंसं वाटतं.

अडचण बाइंडरची आहे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाची. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घेते, पण कमी पडला तर वाळल्यावर बोट फिरवलं की काव बोटाला येते, आणि जास्त झाला तर चकाकी येऊन पापुद्रे सुटतात, मला तर तो कोरडा मॅट लूकच हवाय. फेविकॉल नकोच.

अंड्याचा बलक किंवा दुधाचं केसीन (दुधातलं प्रथिन) चुन्याबरोबर कोणी वापरलंय का, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येते का? शाडू ओलसर असतानाच रंग लावला तर जास्त मुरतो का, की आधी पूर्ण वाळू द्यायचा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज प्रमाण पण सांगा, चमच्याच्या मापात सांगितलं तरी चालेल.