बी लावायला कप्पा किती मोठा हवा? (टोमॅटो, मिरची, काकडी)

गॅलरीबाग_ठाणे:
पश्चिमेची गॅलरी आहे, दुपारी १ नंतर चारेक तास ऊन येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो, ज्वाला मिरची आणि काकडी लावायची आहे. टोमॅटोची ४ रोपं, मिरचीची ६ आणि काकडीचे २ वेल पुरेत. हाताशी ९८ कप्प्यांचा प्रोट्रे (रोपं करायचा ट्रे), ४×६च्या काळ्या पिशव्या आणि १२ इंची प्लास्टिकच्या कुंड्या आहेत. ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट आणि गांडूळखतही आहे.

प्रश्न असा, की सरळ १२ इंची कुंडीतच बी टाकलं तर बिघडतं काय? रोप हलवायचा व्याप वाचेल. आणि ट्रेमध्येच लावायचं असेल तर तिथून थेट कुंडीत न्यायचं, की मध्ये पिशवी लागतेच?

रोपवाटिका_जुन्नर:
बिघडतं ते पाण्यामुळे. १२ इंची कुंडीत १२ ते १५ लिटर मिश्रण मावतं आणि भिजवल्यावर ते सहज पाच-सहा लिटर पाणी धरून बसतं. दोन पानांचं रोप दिवसाला जेमतेम काही थेंब पितं. वरचा थर वाळलेला दिसतो म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो, खालचं मात्र आठवडाभर ओलंच राहतं. ओल्या, हवा नसलेल्या मिश्रणात मूळ गुदमरतं, आणि पिथियमसारख्या बुरशीला हेच हवं असतं. मग खोड मातीलगत पाणचट होऊन बारीक पडतं आणि रोप एका रात्रीत आडवं होतं. वाफ्यातली मर म्हणतात ती हीच.

९८च्या ट्रेचा एक कप्पा २० ते २५ मिलीचा असतो. तो सकाळी भिजवला की संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी सुकतो. पाणी गेलं की त्या जागी हवा येते आणि मूळ तिच्या मागे खाली जातं. म्हणून कप्पा निवडताना झाड पुढे किती मोठं होणार हे बघू नका. रोप त्यात किती दिवस राहणार आणि त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत संपवू शकेल का, एवढं बघा.

आता तुमच्या तीन पिकांचं.

टोमॅटो झपाट्याने वाढतो. ट्रेमध्ये २२ ते २५ दिवस, मग थेट १२ इंची कुंडी. पिशवीची गरज नाही. लावताना खोड बीजपत्रांपर्यंत (बीतून सगळ्यात आधी निघणारी दोन पानं) गाडा, टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळं फुटतात.

मिरची संथ. उगवायलाच ७ ते १० दिवस घेते आणि लावणीजोगी व्हायला ३५ ते ४० दिवस. नर्सरीत ती तेवढे दिवस ट्रेमध्येच असते, कारण तिथे रोज मोजून पाणी आणि विद्राव्य खत मिळतं. घरी ते जमत नाही. बीजपत्रांनंतरची चार खरी पानं आली (साधारण २०-२२ दिवस) की ४×६च्या पिशवीत हलवा, तिथे आणखी तीन आठवडे ठेवा, मग कुंडी. मिरचीचं खोड टोमॅटोसारखं खोल गाडू नका, गड्डा (मुळांसकट निघणारं मिश्रण) मातीत जाईल एवढंच.

काकडी ट्रेमध्ये नकोच. तिला मूळ दुखावलेलं चालत नाही. थेट कुंडीत लावा.

माती_नको_कोकोपीट:
थेट मोठ्या कुंडीत बी कधीच लावू नये असं मात्र नाही. भेंडी, गवार, घेवडा, भोपळ्याच्या जातीचे सगळे वेल थेटच बरे. टोमॅटोही जमतो, फक्त पूर्ण कुंडी भिजवायची नाही. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांतून दोन-चारच थेंब गळतील इतकं ओलसर भरायचं, मधोमध बी लावायचं, आणि पुढचे पंधरा दिवस बियाभोवती चार बोटांच्या घेरात चमच्याने पाणी द्यायचं. गडबड होते ती झारी हातात आली की.

काकडीच्या दोन बिया कुंडीत मध्यभागी दीड-दोन सेंटिमीटर खोल, एकमेकींपासून दोन बोटं अंतरावर. दुसरं पान आल्यावर कमजोर रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं तुटतात. पिशवीतच करायची झाली तर १२ ते १५ दिवसांत कुंडीत गेली पाहिजे, पिशवी ब्लेडने उभी चिरून.

कुंडीशास्त्र:
मापांबद्दल एक. ४×६ची पिशवी ४ इंच रुंद नसते. ते सपाट ठेवलेल्या पिशवीचं माप. भरल्यावर व्यास अडीच इंचाच्या आसपास होतो आणि आत जेमतेम ४०० मिली मिश्रण बसतं. ५×७ची भरल्यावर ७०० मिलीपर्यंत जाते. मिरचीला ४×६ बरोबर आहे, पपई करायची असेल तर ५×७ घ्या. कुंडीचं इंचातलं माप मात्र वरच्या तोंडाचं असतं आणि ती खाली निमुळती असते. म्हणून दोन भांड्यांची तुलना लिटरमध्येच करावी.

दुसरं, तळाला खडीचा थर देऊ नका. निचरा वाढतो हा समज पक्का बसलाय, पण बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. उथळ भांड्यात हे जास्त जाणवतं. भोकावर एक खापरी पुरे, तीसुद्धा माती वाहून जाऊ नये म्हणून.

गॅलरीबाग_ठाणे:
समजलं. ट्रेमध्ये नुसतं कोकोपीट, की गांडूळखत मिसळू? शिवाय ९८ पैकी दहा-बाराच कप्पे लागणार. बाकीचे रिकामे ठेवू का?

रोपवाटिका_जुन्नर:
कात्रीने चार बाय चारचा तुकडा कापून घ्या. काठाचे कप्पे आधी वाळतात आणि एवढ्या तुकड्यात बहुतेक कप्पे काठाचेच असतात, तेव्हा दिवसातून दोनदा बघावं लागेल. उगवण गृहीत धरून जास्तीची बी टाका: टोमॅटो ६ कप्पे, मिरची १०.

विटेला साधारण चार लिटर पाणी लागतं, फुगून आठ-नऊ लिटर होते. आधी दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, त्याने पानांच्या कडा करपतात आणि रोप जागच्या जागी थांबतं. पाकिटावर ‘धुतलेलं’ असं लिहिलेलं असलं तरी एकदा धुवाच.

मिश्रण तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. खत याहून जास्त झालं तर एवढ्याशा कप्प्यात चिकट होतं आणि पाणी धरतं. काळी माती अजिबात नको, वाळली की आकसून कप्प्याची भिंत सोडते आणि पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. कप्पा भरा, एकदा हलका आपटा, अंगठ्याने ठासू नका. टोमॅटो एक सेंटिमीटर खोल, मिरची अर्धा.

वर प्लास्टिक झाकून सावलीत ठेवा आणि चौथ्या दिवसापासून रोज उघडून बघा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून उजेडात. दोन दिवस उशीर झाला तर रोपं लांबट, पांढुरकी होतात आणि मग सुधारत नाहीत. पश्चिमेचं ऑक्टोबरचं ऊन काळ्या ट्रेला तापवतं, पहिले दोन आठवडे ५० टक्क्यांची शेडनेट लावा. जाळी बारीक असेल तर उत्तमच, पांढऱ्या माशीने टोमॅटोचा पानं गुंडाळणारा विषाणू आणला की त्यावर औषध नाही.

पहिलं खरं पान फुटल्यावर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम. एखादं रोप कोलमडलं तर ते कप्प्यासकट बाहेर काढा, पाणी एक दिवस बंद ठेवा आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, आळवणी करून (मुळाशी ओतून). त्या आठवड्यात ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) घालू नका, कॉपरमुळे फुकट जातं.

कुंडीशास्त्र:
हलवायची वेळ दिवस मोजून ठरवण्यापेक्षा गड्डा बघून ठरवा. तळाच्या भोकातून पेन्सिलने हलकं ढकला. गड्डा अखंड बाहेर आला आणि बाजूने पांढरी मुळं जाळीसारखी दिसली तर वेळ झाली. कोकोपीट सुटून पडलं तर आत ठेवा, आणखी चार दिवस थांबा. मुळं तपकिरी होऊन तळाशी वेटोळं घातलेलं असेल तर उशीर झालाय. मग वेटोळं बोटांनी मोकळं करा, नाहीतर कुंडीत गेल्यावरही ती तशीच गोल फिरत राहतात. अडकलेली मिरची वितीएवढी असतानाच कळ्या धरते, त्या खुडा.

हलवण्याआधी संध्याकाळी पाणी द्या आणि लावणी दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर करा. कोरडा गड्डा ओल्या मिश्रणात लावला तर बाजूचं पाणी तो लवकर ओढून घेत नाही, आणि कुंडी ओली असूनही रोप मान टाकतं.