थंडीत जुनी गाडी सकाळी चालू होईना? आपापले अनुभव लिहा

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की आमच्या गल्लीत सकाळी सहालाच सेल्फचा आवाज सुरू. आधी माझंच सांगतो. २००४ ची डिझेल गाडी, सेल्फ जोरात फिरायचा पण इंजिन धरायचंच नाही, मागून नुसता पांढरा धूर. मी आधी बॅटरी बदलली, फरक काहीच नाही. मग डिझेल मिस्त्रीनं हीटर प्लग काढले तर चारातले तीन मेलेले. डिझेलला स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या गरमीवर पेटतं, अन् इंजिन गार असलं की ती गरमीच कमी पडते, ती हे प्लग तापून भरून काढतात. म्हणून लिहिताना सेल्फ हळू फिरायलाय का जोरात ते आधी सांगा, अर्धा रोग तिथंच कळतो.

जालना : माझा हळू फिरायचा. बॅटरी १२.६ व्होल्ट, टर्मिनल साफ, तरी रडायचा. मित्रानं मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला अन् दुसरी इंजिनला लावून सेल्फ मारायला सांगितला, दीड व्होल्ट दाखवलं, अर्ध्याच्या आत पाहिजे. अर्थिंगची पट्टी आतून पार गंजली होती. तेवढीच बदलली.

औसा : आमची जुनी कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी. मी रोज चोक ओढायचे पण केबल आत तुटलेली, गार इंजिनाला हवा कमी करणारी चोकची पाकळी हलतच नव्हती. एअर फिल्टर काढून डोळ्यानं बघा ताई, म्हणले मिस्त्री, तेव्हा कळलं.

बीड : परभणीवाले दादा, मलापण हीटर प्लगच वाटले होते, पण माझ्या गाडीला सेल्फ मारताना धूरच यायचा नाही. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचंना. गाडी रात्री घरासमोरच्या चढावर तोंड वर करून उभी राहायची अन् फिल्टरजवळच्या चिरलेल्या पाइपातून हवा ओढून डिझेल टाकीकडं परत जायचं. डिझेल ओढायचा गाडीतला हातपंप दाबला की लगेच चालू. पाइप अन् क्लिप बदलल्यापासून त्रास नाही.

परभणी : हे धुराचं लई कामाचं सांगितलंत. अजून एक, हीटर प्लगवाल्या डिझेलला स्टार्टिंग स्प्रे (गाडी चालू करायला हवेच्या वाटेनं मारायचा, पटकन पेटणारा फवारा) कुणी मारू नका, प्लग लाल असतो, आत भडका होऊन पिस्टन फुटू शकतो. नांदेड, हिंगोलीकडचे कुणी आहेत का? तुमच्याकडं काय निघालं?