पेजिंगला मराठीत काय म्हणावं?

दादरची लेखनिक: मोबाइलवर फोन कसा लागतो, यावर मुलांच्या पुरवणीसाठी मजकूर मराठीत करतेय. 'पेजिंग'वर गाडी अडलीय. एका ज्येष्ठांनी 'पृष्ठांकन' सुचवलं. ते तर पानांना नंबर घालणं झालं!

लालबागवाला: पण होतं काय त्यात? आपण कुठे आहोत ते टॉवरला माहीतच असतं ना?

स्विचरूम: नाही ना. फोन खिशात नुसता पडलेला असतो तेव्हा नेटवर्कला नेमका टॉवर माहीत नसतो, फक्त टापू माहीत असतो. लोकलने दादरहून ठाण्याला जाताना फोन टॉवर बदलत राहतो, पण कळवतो टापूची हद्द ओलांडली की. एरवी अधूनमधून हजेरी, बस. प्रत्येक टॉवरला वर्दी द्यायची तर बॅटरी टिकायची नाही. कॉल आला की आधी नोंद बघतात, हा नंबर सध्या कुठल्या स्विचकडे, म्हणजे कुठल्या एक्सचेंजकडे. मग त्या टापूतले सगळे टॉवर त्याच्या नावाने ओरडतात, तेच पेजिंग. फोन 'हजर' म्हणाला की त्याला चॅनल मिळतो आणि घंटी वाजते.

किल्ला कोर्ट: मग शब्द आयताच आहे, पुकारा! शिपाई कोर्टाच्या दारात येऊन नाव घेतो, पक्षकार व्हरांड्यात कुठेही असो. ओ दिली नाही की गैरहजर.

शुद्धलेखनवाले: पुकारा हिंदी वाटतो. 'आवाहन' घ्या.

किल्ला कोर्ट: आवाहन देवाला करतात. नाहीतर महापालिका करते, पाणी जपून वापरा म्हणून.

गिरगावच्या काकू: म्हणजे ओ दिली नाही की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'? मग 'बंद आहे' कधी म्हणते ती बाई?

स्विचरूम: काकू, नीट बंद केलात तर फोन जाताजाता तसं कळवून जातो. चालू फोनची बॅटरी उपटलीत तर नेटवर्क बिचारं हाका मारत बसतं, आणि तुम्ही 'क्षेत्राबाहेर'.

गिरगावच्या काकू: आमचा ट्रंक कॉल ऑपरेटर 'जोडून' द्यायची. लावणारे आपण, लागणारा फोन. आता म्हणे 'कॉल कनेक्ट होतो'.

लालबागवाला: आम्ही फोन मारतो.

शुद्धलेखनवाले: हे बंबैया हिंदी. मराठीत फोन 'करतात'.

लालबागवाला: मग हाक मारतात, गप्पा मारतात, फेरी मारतात, ते कुठलं? फोन म्हणजे हाकच की.

शुद्धलेखनवाले: हाक तोंडाने मारतात.

लालबागवाला: फेरी पण?

गिरगावच्या काकू: आमच्याकडे अजून 'नंबर फिरव' म्हणतात. तबकडी गेली, फिरवणं राहिलं. ते कोणाला खटकत नाही!

दादरची लेखनिक: अहो, मजकूर उद्या द्यायचाय. पुकारा ठेवू की नको? आणि बोलता बोलता एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कॉल जातो, त्या 'हँडओव्हर'ला काय?

स्विचरूम: आम्ही दिवसभर 'हँडओव्हर फेल गेला' म्हणतो. कोणाचं अडत नाही.

शुद्धलेखनवाले: हस्तांतरण.

किल्ला कोर्ट: त्याला स्टॅम्प ड्युटी लागेल.