पन्नास वर्षं जुना अल्बम, अन् अजून काहून ऐकून राहिलो?

धरमपेठकर:
मे महिन्यातली दुपार, कूलरचा घरघराट, अन् मी पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) लावून बसलो. नागपूरच्या बर्डीवरून घेतलेली कॅसेट केव्हाचीच गुंडाळली, आता मोबाइलवर. पोरगं म्हणते, "बाबा, पुन्हा तेच?" सांगा राजेहो, याचा कंटाळा काहून येत नाही?

महालचा तबलेवाला:
त्यातलं 'मनी' हे गाणं ऐका. सात मात्रा, आपल्या रूपक तालाएवढ्याच! पण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खाली, म्हणजे हलकी; इथं बास पहिल्या मात्रेपासूनच ठासून. सॅक्सोफोन सातातच वाजतो, अन् गिटार आलं की गाडी चार मात्रांत शिरते. माझा हात मांडीवर दरवेळी चुकते. अन् ते नाणी-गल्ल्याचे आवाज? टेपचे तुकडे कापून, जोडून, गोल फिरवलेले. कॉम्प्युटर कुठला बावा!

सदरवाली:
मला यातल्या 'द ग्रेट गिग इन द स्काय' गाण्यातली गायिका क्लेअर टोरी आवडते. एक शब्द गात नाही, नुसता आवाज. बाकी सोडा.

धरमपेठकर:
तबलेवाले भाऊ, मीही मोजून पाहिलं, चुकलो. काल लाइट गेली, कूलर थांबला, अन् शेवटची ती छातीची धडधड विरताना पहिल्यांदा नीट ऐकू आली. सुरुवातही तिच्यानंच होते ना! मग काय, पुन्हा पहिल्यापासून लावला.