मदत हवी आहे : प्रमाणाचे मूलभूत प्रमेय आणि तिसरी बाजू

त्रिकोण अबक मध्ये ड हा अब वर व इ हा अक वर असून रेख डइ बाजू बक ला समांतर आहे; अड = ३, डब = २ आणि डइ = ४.५ सेमी. येथे दहावीची बरीच मुले अड : डब हेच गुणोत्तर डइ : बक साठी घेतात व बक = ३ काढतात, म्हणजे पाया चक्क डइ पेक्षाही आखूड येतो, तरी त्यांना ते खटकत नाही. अड : अब घेतल्यास बक = ७.५ येते.

कोको कसोटीने (दोन त्रिकोणांचे दोन-दोन कोन समान असले की ते समरूप, म्हणजे त्यांच्या बाजू प्रमाणात) अड : अब = डइ : बक हे लगेच सिद्ध होते, पण मला ते केवळ मूलभूत प्रमेयावरून (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते) दाखवायचे आहे. इ मधून अब ला समांतर, बक ला फ मध्ये छेदणारी रेख इफ काढली, तर बडइफ हा समांतरभुज चौकोन होऊन डइ = बफ मिळते आणि कइ : इअ = कफ : फब यावरून पुढे जाता येते. या सिद्धतेत समरूपता कुठे नकळत गृहीत धरली जाते का, हे कृपया जाणकारांनी तपासून सांगावे.