नोकिया एन९०० वर माएमो लेस्टे: बूट अर्ध्यातच अडकून राहिलं

अजनी_पासवाला
नमस्कार मंडळी. मी रोज अजनी ते वर्धा अपडाउन करतो, तिकडे एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. काटापट्ट्यांची (वजनाच्या पावत्यांची) नोंद गाडीतच करून टाकावी म्हणतो, पण काचेच्या फोनवर माझ्या जाड्या बोटांनी ८ चे ९ होतात. मागच्या रविवारी अलमारीत जुना नोकिया एन९०० फोन सापडला. सरकवला की खालून खरा कीबोर्ड निघते, त्याच्यासाठीच हा सगळा उपद्व्याप.

मशीन म्हातारं आहे, मान्य. ६०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम. मला त्याच्यावर व्हिडिओ नाही पाहायचे, व्हिम (मजकूर लिहायचा प्रोग्राम) आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरला दुरून जोडणारा) चाललं की भागलं. आतली मूळ सिस्टिम, माएमो ५, तशीच ठेवून यू-बूट (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) टाकलं आणि माएमो लेस्टे, म्हणजे अशा जुन्या फोनांसाठीचं लिनक्स, मायक्रोएसडी कार्डावर लिहिलं. यू-बूट कार्डावरून कर्नल (लिनक्सचा गाभा) बरोबर उचलते, पांढऱ्या ओळी धावतात, आणि 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' वर येऊन थांबते, म्हणजे सिस्टिमच्या फाइली असलेलं कार्ड दिसायची वाट पाहत. बुटीबोरीच्या आउटरला गाडी उभी राहते तशी. ना पुढे ना मागे.

तीन कार्डं बदलून झाली, चार वेळा इमेज (सिस्टिमची तयार फाइल) लिहिली. लॅपटॉपला तेच कार्ड लावलं की सगळं जागच्या जागी दिसते. काहून होत असंन?

सदरवाला
भाऊ, स्टीम डेक घे. त्यातही लिनक्सच आहे, आर्चवरचं. सुखी राहशील.

अजनी_पासवाला
शर्टाच्या खिशात मावते का? मग राहू द्या.

खामल्याचा_खटपट्या
एन९०० मध्ये आतली ३२ जीबीची साठवण (ईएमएमसी) आणि तुझं कार्ड, दोन्ही कर्नलच्या लेखी एकाच जातीची, एमएमसी. कोणाला शून्य नंबर देईल अन् कोणाला एक, भरवसा नाही. बूटच्या ओळीत रूटचं नाव नंबराने न देता पार्टयूयूआयडीने, म्हणजे त्या विभागाच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने दे.

अजनी_पासवाला
दिलं. तिथंच अडकते. पण तुमच्यामुळे एक झालं, दुसऱ्या फोनने स्क्रीनचा व्हिडिओ काढून ओळी एकेक थांबवून वाचल्या. कर्नलला एमएमसी एकच सापडते, आतली. कार्डाचं नावच नाही! मग त्याच कार्डावरून यू-बूटने कर्नल कसा काय उचलला?

महालची_ताई
दोन गोष्टी सांग. इमेज कधीची आहे? आणि मागचं झाकण लावलेलं आहे का?

अजनी_पासवाला
इमेज २०१९ ची, हार्डडिस्कवर पडून होती. झाकण नाही लावलं ताई. ठेल्यावरून घेतलेली डुप्लिकेट बॅटरी आहे, जराशी फुगली, त्यामुळे झाकण बसतच नाही. रबर गुंडाळून चालवून राहिलो.

महालची_ताई
आधी ती बॅटरी काढ. आत्ता. बाहेर ४४ डिग्री आणि तू फुगलेल्या बॅटरीला रबर बांधतोस?

आता कार्डाचं. झाकणात एक चिमुकलं चुंबक आहे आणि बोर्डावर ते ओळखणारा सेन्सर, तो जीपीआयओ १६० या पिनला जोडलेला. जुन्या कर्नलच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरची यादी सांगणारी फाइल) हीच पिन 'कार्ड आहे की नाही' सांगणारी म्हणून लिहिली होती. म्हणजे झाकण उघडं असलं की कर्नल समजणार, कार्डच नाही. यू-बूट त्या पिनला विचारतच नाही, म्हणून त्याला कार्ड दिसतं. २०२० मध्ये ही गोष्ट कर्नलमधून काढली, आता झाकण नुसता एक स्विच म्हणून कळतं. काढली ते बरंच झालं. आधी चालू मशीनचं झाकण जरा उचललं तरी कार्डावरची रूट फाइलसिस्टिम गायब व्हायची.

नवी बॅटरी बीएल-५जे माग. एन९०० म्हटलंस तर दुकानदार तोंडाकडे पाहील, ल्युमिया ५२० ची म्हण. तीच लागते.

अजनी_पासवाला
ताई, पायाचा फोटो पाठवा!

काल संध्याकाळी बर्डीला (सीताबर्डी) मोदी नंबर २ च्या गल्लीत बॅटरी शोधायला गेलो. पहिल्या दोघांनी हात वर केले, तिसऱ्याने ल्युमिया म्हटल्याबरोबर ड्रॉवरमधून काढून दिली. घरी आल्यावर मुद्दाम झाकण न लावता चालू केलं. अडकलं, नेहमीच्या जागी. मग जुन्या पर्सच्या बटणातलं चुंबक काढून ठेवलं होतं, ते कार्डाच्या खाचेजवळून हळूहळू फिरवलं. एका जागी गेलं आणि थांबलेली ओळ सुटली! कार्डाचं नाव आलं, दोन्ही विभाग आले, बूट पुढे गेलं. पोरीला बोलावून दोनदा करून दाखवलं. ती म्हणे, "बाबा, जादू आहे का?" हो म्हटलं.

नंतर नवी इमेज लिहिली. तिच्यात चुंबक लागत नाही, झाकणही लागत नाही. हळू आहे, ब्राउझर उघडायच्या भानगडीत पडलो नाही. एक राहिलं. शेतकऱ्यांची नावं मराठीत लिहायची आहेत आणि टर्मिनलमध्ये मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे.

खामल्याचा_खटपट्या
आधी लोहित देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाक, लेस्टे ज्याच्यावर उभं आहे त्या डेव्हुआन लिनक्सच्या भांडारात आहे. तरी टर्मिनलमध्ये त्रास राहीलच, तिथं प्रत्येक अक्षराला चौकटी ठरलेल्या, जोडाक्षर त्यात कोंबलं जाते. माउसपॅड हा साधा एडिटर वापर. तिथं पँगो नावाची लायब्ररी अक्षरं जुळवते.

अजनी_पासवाला
हे सिंदीच्या पुढून लिहून राहिलो, त्याच मशीनवरून, फोनच्या हॉटस्पॉटवर. माउसपॅडमध्ये 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्णा' दोन्ही बरोबर उमटले. आकडे अजून एकदाही चुकले नाहीत.

ताई, ती फुगलेली बॅटरी टोकांना टेप लावून कोरड्या रेतीच्या डब्यात ठेवली, बाहेर सावलीत. कचरागाडीत टाकणार नाही. ई-कचरा घेणारं बर्डीच्या आसपास कोणी माहीत असंन तर सांगा.